१ टीबीच्या जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर न्यायचंय – जागा आहे, पण सी ड्राइव्ह लहानच होत नाही

तलावपाळी | शुक्रवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमच्या बाबांचं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल आणि दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांची जुळणी. २०१७ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, विंडोज १०, १ टीबीची साधी हार्डडिस्क, ८ जीबी रॅम. सकाळी बटण दाबलं की बाबा चहा ठेवतात, चहा पिऊन होतो तेव्हा कुठे पेजमेकर उघडायच्या लायकीचं होतं मशीन. त्यांचं वय आता ६८. ती वाट बघणं मला बघवत नाही, म्हणून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, आणली.

डिस्कचे दोन भाग (पार्टिशन) आहेत. सी ४०० जीबी, त्यात १४२ जीबी भरलेले. डी साधारण ५३० जीबी, त्यात बाबांची सगळी जुनी कामं, ३१० जीबी. मला फक्त सी एसएसडीवर न्यायचाय, डी जुन्या डिस्कवरच राहू दे.

क्लोनिंगचं, म्हणजे हुबेहूब प्रत काढायचं, एक सॉफ्टवेअर वापरलं तर ते म्हणतं डेस्टिनेशन लहान आहे. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी श्रिंक, म्हणजे लहान, करायला गेले. २५८ जीबी रिकामे असूनही ते जास्तीत जास्त ६१ जीबीच कमी करून देतंय. असं का?

विंडोज नव्याने टाका असं कृपया सांगू नका. बाबांचं मराठी फाँट आणि कीबोर्डचं सॉफ्टवेअर जुनं आहे, युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे एकच अक्षरसंकेत चालायच्या, आधीचं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी तो धंदा कधीच बंद केला. सीडी चरे पडून गेली आणि नोंदणी त्या मशीनपुरती आहे. ते सॉफ्टवेअर गेलं तर वीस वर्षांच्या फायली उघडतील, पण अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतील.

जुना_ठाणेकर | शुक्रवार, रात्री ११:०५

ताई, मी एरवी नव्याने विंडोज टाकण्याच्याच बाजूचा. आठ वर्षांचा केरकचरा नव्या डिस्कवर कशाला न्यायचा? पण तुमचं कारण वाचलं आणि माझा सल्ला मागे घेतो. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या फाँटमध्ये कुठल्या बटणावर कुठलं अक्षर हे वेगळं असायचं. फाइलमध्ये साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरांचे कोड, मराठी दिसतं ते केवळ फाँटमुळे. मी स्वतः एका ग्रंथालयाची सूची अशीच गमावली आहे. फाँट गेला आणि चार हजार नोंदी पुन्हा टंकाव्या लागल्या.

एक विचारतो. बाबांच्या ३१० जीबीची दुसरी प्रत कुठे आहे?

तलावपाळी | शुक्रवार, रात्री ११:१२

काका, नाहीये. काही कामं पेनड्राइव्हवर आहेत, बाकी सगळं तिथंच.

घणसोली_हार्डवेअर | शनिवार, सकाळी ८:३०

ताई, मग एसएसडी दोन दिवस खोक्यातच राहू द्या. आधी १ टीबीची बाहेरची डिस्क आणा आणि डीवरचं सगळं तिच्यावर उतरवा. क्लोनिंग करताना आज्ञा चुकीच्या डिस्कला दिली गेली की तिथे परतीची वाट नसते. सोळा वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. क्लोन बिघडला म्हणून रडलेलं कुणी पाहिलं नाही. प्रत नव्हती म्हणून रडलेले पुष्कळ पाहिले.

दुसरं, त्याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' (नीट वाचता न आलेल्या जागांची संख्या) अशी एक ओळ असते. ती शून्य असेल तर पुढे जाऊ. शून्य नसेल तर काहीही श्रिंक करू नका, इथे येऊन सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. सी ड्राइव्ह लहान करायचा म्हणजे त्याची शेपूट कापायची. शेपटाकडच्या फायली विंडोज उचलून पुढच्या रिकाम्या जागेत आणतं आणि मग कापतं. पण काही फायली चालू विंडोजला हलवताच येत नाहीत. लोकलचा डबा जवळजवळ रिकामा आहे, पण एकच माणूस शेवटच्या बाकावर बसलाय आणि उठायला तयार नाही, तर त्याच्या मागचाच डबा सोडवता येईल. तुमच्याकडे तो माणूस साधारण ३३९ जीबीच्या खुणेवर बसलाय. ४०० वजा ६१. किती जागा रिकामी आहे याचा इथे संबंधच नाही, शेवटचा न हलणारा तुकडा कुठे आहे यावर सगळं ठरतं.

नेहमीचे हटवादी तीन. हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना रॅममधलं उतरवून ठेवायची), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची) आणि सिस्टम रिस्टोअरच्या (विंडोज मागच्या स्थितीत न्यायच्या) जुन्या प्रती. तिघांनाही तात्पुरतं घालवता येतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या, हायबरनेशन गेलं. त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, आणि ते बंद असणं पुढे लागणारच आहे. सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये पेजफाइल 'नो पेजिंग फाइल' करा, सिस्टम प्रोटेक्शन बंद करून जुने रिस्टोअर पॉइंट पुसा. रीस्टार्ट. मग 'चेकडिस्क सी: /एफ' चालवा, ते पुढच्या रीस्टार्टला तपासेल. त्यानंतर परत श्रिंक करून बघा.

ऐरोली_नाका | शनिवार, सकाळी ९:१५

पेंडिंग सेक्टरबद्दल दादांनी सांगितलंय ते खरंच मनावर घ्या. माझ्या भावाच्या डिस्कवर ते २४ होते. मी तसंच क्लोनिंग लावलं. ते अडकलं, परत लावलं, परत अडकलं. प्रत्येक वेळी डिस्क त्याच खराब जागी डोकं आपटत होती. चौथ्या वेळी ती बायोसलाच (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसेना. भावाच्या मुलीचे बारशापासूनचे फोटो होते त्यात. नंतर कळलं की अशा डिस्कसाठी डीडीरेस्क्यू वापरायचं असतं. ते आधी चांगला भाग पटापट उचलून घेतं आणि खराब जागा शेवटी, थोड्या थोड्या करून वाचायचा प्रयत्न करतं. कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तलावपाळी | रविवार, संध्याकाळी ६:४०

बाहेरची डिस्क आणली. रात्रभर कॉपी लावली होती, दुपारी संपली. दहा-बारा जुन्या फायली त्या डिस्कवरून उघडून पाहिल्या, ठीक आहेत. पेंडिंग शून्य.

दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. सीवर आता १२० जीबीच भरलेले दिसतात, म्हणजे २२ जीबी नुसत्या हायबरनेशन, पेजफाइल आणि रिस्टोअरने अडवले होते. पण श्रिंक आता ११८ जीबीवर अडलंय. म्हणजे सी २८२ जीबीचा होईल. अजूनही बसत नाही.

घणसोली_हार्डवेअर | रविवार, रात्री ९:५०

चौथा कोणीतरी आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन. प्रत्येक श्रिंकच्या प्रयत्नानंतर तिथे २५९ क्रमांकाची नोंद पडते. त्यात शेवटच्या न हललेल्या फाइलचं नाव लिहिलेलं असतं. ते इथे टाका.

तलावपाळी | रविवार, रात्री १०:०५

सापडलं! एक्स्टेंडच्या आत यूएसएनजर्नल असं काहीतरी आहे.

घणसोली_हार्डवेअर | रविवार, रात्री १०:२०

उत्तम. ती एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या फाइलसिस्टमची, बदलांची वही. कुठली फाइल कधी बदलली त्याची नोंद त्यात असते, विंडोजचा शोध आणि काही बॅकअप सॉफ्टवेअर ती वापरतात. ती पुसली तर विंडोज नवी करतं, फायलींना धक्का लागत नाही. 'एफएसयूटिल यूएसएन डिलीटजर्नल /डी सी:' ही आज्ञा द्या आणि लगेच श्रिंक करा.

हेही जमलं नाही तर जीपार्टेड हे पार्टिशन लहान-मोठी करायचं साधन पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावर सुरू करायचं. विंडोज चालू नसतं त्यामुळे सगळेच तुकडे हलवता येतात. पण त्या कामाच्या मधे वीज जाता कामा नये. तुमच्याकडे यूपीएस आहे का?

तलावपाळी | रविवार, रात्री १०:४५

झालं! २०० जीबी कमी करायला सांगितले, दोन-तीन मिनिटांत झाले. सी आता २०० जीबीचा आहे. जीपार्टेडची गरज पडली नाही.

यूपीएस आहे, पण बॅटरी म्हातारी झालीय, पाचेक मिनिटं टिकते. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात दोनदा वीज गेली होती. उद्या बॅटरी बदलून घेते, मगच पुढचं.

खारघर_टेकडी | रविवार, रात्री ११:३०

बॅटरी बदलताय ते फार बरं करताय. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी लिनक्सवाले असतील तर त्यांच्यासाठी, आपल्याकडे हे काम बरंच सोपं आहे, कारण ब्लॉक न् ब्लॉक उचलायची गरजच नाही. नव्या डिस्कवर लहान पार्टिशन करा, ईएक्सटी४ने फॉरमॅट करा आणि लाइव्ह यूएसबीवरून आरसिंकने फायली उतरवा. परवानग्या, हार्डलिंक, एसीएल आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट सोबत न्यायचे पर्याय मात्र विसरू नका. मग एफएसटॅबमध्ये नव्या पार्टिशनचा यूयूआयडी लिहा, क्रूटमध्ये जाऊन ग्रब बसवा, इनिटरॅमएफएस नव्याने बनवा. एक्सएफएस असेल तर दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच, ती फाइलसिस्टम मोठी होते पण नेहमीच्या साधनांनी लहान करता येत नाही.

विंडोजमध्येही असा फायलींचा रस्ता आहे. डिझम या विंडोजच्याच साधनाने सीची विम इमेज (सगळ्या फायलींचं एक गाठोडं) करायची आणि ती नव्या पार्टिशनवर उतरवायची. मग शेवटच्या बाकावर कोण बसलंय याने काही फरक पडत नाही. ताईंना तो सोपा नाही का पडणार?

घणसोली_हार्डवेअर | सोमवार, सकाळी ८:००

रस्ता चांगला आहे, मीही वापरतो. पण ताईंसाठी नको, आणि त्याचं कारण ते फाँटचं सॉफ्टवेअर. जुनी सॉफ्टवेअर मशीन ओळखायला बरेचदा व्हॉल्यूम सीरियल नंबर बघायची. तो नंबर ड्राइव्ह फॉरमॅट करताना तयार होतो आणि फाइलसिस्टमच्या आतच लिहिलेला असतो. डिझमच्या रस्त्याने गेलात तर नवं फॉरमॅट, म्हणजे नवा नंबर, आणि नोंदणी गेली. ब्लॉक क्लोन केला तर तोच नंबर सोबत जातो. डिस्कवर कारखान्यात छापलेला सीरियल नंबर बघणारं सॉफ्टवेअर असेल तर कुठल्याच मार्गाने चालणार नाही, पण ते करून बघितल्यावरच कळेल. म्हणून जुन्या सीला हात लावायचा नाही.

ताई, पुढचं सांगतो, सावकाश वाचा.

एसएसडीच्या खोक्यात साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडायची) केबल नसते, ती वेगळी घ्या. पॉवर सप्लायचं एक मोकळं टोक आहे का तेही बघा. जोडल्यावर एमएसइन्फो३२ उघडून 'बायोस मोड' काय आहे ते वाचा. यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) असेल तर एसएसडीला जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) लागेल. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर थांबा, रीत वेगळी आहे.

डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात 'लिस्ट डिस्क' दिलंत की दोन डिस्क दिसतील, एक ९३१ जीबी, एक २२३ जीबी. कारखाना १०००च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या, म्हणून २४० चे २२३ दिसतात. हे आकडे दोनदा वाचा, बाबांनाही वाचायला सांगा, आणि मगच २२३वाली निवडा. 'क्लीन' ही आज्ञा दिल्यावर काही विचारत नाही, निवडलेल्या डिस्कवरचे सगळे भाग मोकळे करते. मग 'कन्व्हर्ट जीपीटी', २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करायच्या फायलींसाठी) करून फॅट३२ फॉरमॅट, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजची राखीव जागा), आणि उरलेलं सगळं एक प्रायमरी.

त्याआधी जुन्या विंडोजमध्ये 'रीएजंटसी /डिसेबल' द्या, म्हणजे दुरुस्तीचं विनआरई सीमध्ये परत येईल आणि वेगळं रिकव्हरी पार्टिशन न्यायची कटकट वाचेल. नव्यावर 'रीएजंटसी /एनेबल'.

क्लोनिंगला क्लोनझिला. तैवानच्या एनसीएचसी या संगणन केंद्राचं मोफत साधन आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. त्यात पूर्ण डिस्कचं क्लोनिंग निवडू नका, 'पार्ट टू लोकल पार्ट' निवडा. जुनं सी ते नवं प्रायमरी. नवं पार्टिशन जुन्याएवढं किंवा मोठं असलं की ते तक्रार करत नाही.

ऐरोली_नाका | सोमवार, दुपारी १:१०

दादा, मध्येच विचारतो. माझ्या लॅपटॉपला साटा हार्डडिस्क आहे आणि एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घालायची आहे. हीच रीत चालेल का?

घणसोली_हार्डवेअर | सोमवार, दुपारी १:४०

बहुतेक तीच, पण दोन गोष्टी बघा. एम.२ची (पट्टीसारखी एसएसडी बसवायची) जागा आहे एवढ्यावर जाऊ नका. काही लॅपटॉपमध्ये त्या जागेत फक्त साटावाली एम.२ चालते, म्हणून मॉडेलची माहितीपत्रिका वाचा. आणि क्लोननंतर निळी स्क्रीन येऊन 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणाला तर घाबरू नका. विंडोजने एनव्हीएमईचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू करायचं ठरवलेलं नसतं. एकदा सेफ मोडमध्ये सुरू केलंत की तो बसतो.

लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) असेल तर क्लोनच्या आधी उलगडून घ्या आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

दादा, अडकलेय. बॅटरी बदलली, केबल आणली, पार्टिशन केली. क्लोनझिलाला पंचवीस मिनिटं लागली. शेवटी एक गोष्ट जास्तीची केली, जुनं ईएफआय पार्टिशनसुद्धा नव्यावर क्लोन केलं, वाटलं लागेलच. मग जुनी डिस्क काढून सुरू केलं तर निळी स्क्रीन आली. कोड सी, मग सहा शून्यं, शेवटी ई. म्हणतंय लागणारं डिव्हाइस जोडलेलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण उद्या त्यांना एक पत्रिका द्यायची आहे. जुनी डिस्क परत लावू का?

घणसोली_हार्डवेअर | बुधवार, रात्री १२:०५

लावू नका अजून, जागा आहे मी. बिघडलेलं काही नाही. ईएफआयमध्ये बूटची नोंदवही असते, बीसीडी. विंडोज कुठल्या डिस्कच्या कुठल्या भागावर आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तुम्ही जुनी वही जशीच्या तशी आणलीत, तिच्यात पत्ता जुन्या डिस्कचा. ती डिस्क काढलेली, म्हणून त्या पत्त्यावर कोणी नाही.

विंडोज १०चा इन्स्टॉल पेनड्राइव्ह आहे का? त्यावरून सुरू करा, पहिल्या पानावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. डिस्कपार्ट, 'लिस्ट व्हॉल्यूम', फॅट३२वालं निवडा, 'असाइन लेटर=एस', एक्झिट. मग विंडोजचं फोल्डर कुठल्या अक्षरावर दिसतंय ते 'डीआयआर' देऊन बघा, तिथे ते सीच असेल असं नाही. समजा सी असेल तर 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पेनड्राइव्ह काढून सुरू करा.

तलावपाळी | बुधवार, रात्री १२:४०

सुरू झालं.

तिथे विंडोज डीवर दिसत होतं, तुम्ही सांगितलं नसतं तर मी सीच लिहिलं असतं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप यायला एकोणीस सेकंद. बाबांनी परत बंद करायला लावलं आणि परत सुरू करून बघितलं. मग फाँटचं सॉफ्टवेअर उघडलं, काहीही न विचारता उघडलं. २००९च्या एका दिवाळी अंकाची पेजमेकरची फाइल बाहेरच्या डिस्कवरून उघडली, प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे. बाबा बराच वेळ ती पानं खालीवर करत बसले. दादा, एवढ्या रात्री थांबलात, मनापासून आभार.

घणसोली_हार्डवेअर | बुधवार, सकाळी ८:१५

आनंद वाटला ताई. थोडं काम उरलंय.

पेजफाइल परत ऑटोमॅटिक करा, ८ जीबी रॅमवर ती हवीच. सिस्टम प्रोटेक्शन चालू करा. 'एफएसयूटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय' देऊन बघा, एनटीएफएसपुढे शून्य आलं म्हणजे ट्रिम (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणं) चालू आहे. सी अजून २०० दाखवत असेल तर डिस्कपार्टमध्ये तो व्हॉल्यूम निवडून 'एक्स्टेंड फाइलसिस्टम' द्या. एसएसडी अगदी काठोकाठ भरू देऊ नका, तीस-चाळीस जीबी कायम मोकळे असू द्या.

जुनी डिस्क आता जोडू शकता. आधी बायोसमध्ये एसएसडीवरचा विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे ना ते बघा. काल मी ती डिस्क लावू दिली नाही, कारण पहिल्याच वेळी दोन्ही असल्या तर नवं विंडोज जुन्याच भागाला सी समजून बसतं. आता तसं होणार नाही.

जुना_ठाणेकर | बुधवार, सकाळी १०:३०

ताई, अभिनंदन. एक राहिलंय. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. २०१७चं मशीन विंडोज ११च्या अधिकृत यादीत बहुधा बसणार नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी केलीत तर घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यानंतर ते मशीन इंटरनेटपासून तोडून निव्वळ जुळणीसाठी ठेवावं. मेल आणि ग्राहकांच्या फायली दुसऱ्या मशीनवर.

दुसरं, निवांत वेळ मिळेल तेव्हा महत्त्वाच्या जुन्या कामांच्या पीडीएफ करून ठेवा, फाँट एम्बेड करून. मग त्या वाचायला फाँटचं सॉफ्टवेअर लागणार नाही. मजकूर परत संपादित करायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतील. ते काम मोठं आहे, पण मी मदत करू शकतो. कोपरीला राहतो, रविवारी मोकळा असतो.

तलावपाळी | बुधवार, रात्री ९:१०

काका, रविवारी या, बाबांना फार आवडेल. त्यांनी आत्तापासूनच कुठल्या अंकांपासून सुरुवात करायची त्याची यादी लिहायला घेतलीय.

जुनी डिस्क जोडली. डी डीच राहिला. जुना सी मात्र ई म्हणून दिसतोय, दोन्हीकडे विंडोज, दोन्हीकडे बाबांच्या नावाचं फोल्डर. चुकून तिथे काही सेव्ह होईल म्हणून काळजी वाटते. पुसून टाकू का?

घणसोली_हार्डवेअर | बुधवार, रात्री ९:३५

पुसू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून ई हे अक्षर काढून टाका. भाग शाबूत राहील, पण एक्सप्लोररमध्ये दिसणार नाही, म्हणजे चुकून काही सेव्हही होणार नाही. या वर्षीचे दिवाळी अंक छापायला गेले, सगळं नीट चाललंय अशी खात्री झाली, की मग बघू.

तलावपाळी | बुधवार, रात्री ९:५०

काढलं. कॅबिनेटवर चिठ्ठीही चिकटवली, जुनं विंडोज आत आहे, दिवाळीपर्यंत हात लावू नये. अक्षर बाबांचं.